पायताणाचा तुकडा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आला तो सही करायला. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चुकून कुणाच्या हातात पडलं तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत बोलायला गेलं की मी अर्ध्यावर थांबते. कागद मधे बोलत नाही, म्हणून लिहिते.

लिहायचं आहे ते आक्कांबद्दल. त्यांच्यावर माझा राग होता की माया होती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

उद्यमनगरात एका गल्लीच्या टोकाला आक्कांचं पत्र्याचं शेड होतं. आत जुन्या मोटारी असत. कुणाच्या आजोबांनी घेतलेली, कुणाच्या सासऱ्यांची. घरापुढं ठेवायला जागा नाही आणि विकायला मन होत नाही, अशी माणसं आपली गाडी आक्कांकडं ठेवत. आक्का ती सांभाळायच्या, आणि लग्नसराईत वरातीला भाड्यानं द्यायच्या. भाड्यातलं निम्मं गाडीवाल्याचं, निम्मं आक्कांचं. हा धंदा त्यांच्या मालकांनी सुरू केलेला. ते गेल्यावर दीर म्हणाले, बाईमाणसाचं हे काम नव्हे, शेड मोडू या. आक्कांनी दिरांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आक्का उंच होत्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पदर कमरेला घट्ट. माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी आणि फार माया आली तरी कानडीच. काम मनासारखं झालं की "साकु" म्हणायच्या. म्हणजे पुरे, झालं. एवढ्या एका शब्दासाठी आम्ही दिवसभर राबायचो. मी तिथं गाड्या पुसायला आणि धुवायला होते. माझे यजमान, संभाजी, माझ्या आधीपासून तिथं चाकांचं काम करत. त्यांनीच मला लावून घेतलं.

या जुन्या गाड्यांच्या चाकावर मधोमध एक चकचकीत वाटी बसवलेली असते. गॅरेजात तिला कप म्हणतात. कपाच्या भोवती चाकाचा रंग उघडा दिसतो, कुठं दुधी, कुठं लाल. गाडी धुवायची, पंक्चर काढायची, काहीही करायचं तर आधी कप उतरवावा लागतो, नाहीतर आत पाणी साचून गंजतं. आणि कप उतरवताना उचकटायची पट्टी रंगाला लागली की ओरखडा पडलाच. तो रंग हल्लीच्या डब्यात मिळत नाही. एका चाकाला नवा लावला की बाकीची तीन चाकं जुनी दिसतात.

आक्का कप उतरवायला बसल्या की शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. आधी उकिडवं बसून डावा तळवा कपावर ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग उजव्या हाताचं बोट कडेनं फिरवायचं. कुठंतरी कड जरा उचललेली लागते. तिथं आधी रंगावर चामड्याचा तुकडा ठेवायचा, आणि चामड्यावरनं लोखंडी पट्टी सरकवायची. पट्टी दाबायची नाही, नुसती मनगटानं पिळायची. इथं जरा, मग समोरच्या बाजूला जरा, मग परत इथं.

"वडायचं न्हाय त्येला," त्या मला शिकवताना म्हणायच्या. "त्यो येतो म्हनला की मग घ्यायचा. जबरदस्ती केलीस की उडतोय आन् नाक फोडतोय."

कप सुटला की तो तळव्यातच यायचा. मग वाकळेवर उताणा ठेवायचा, पालथा नाही. आणि मग "साकु."

तो चामड्याचा तुकडा म्हणजे त्यांच्या मालकांच्या कोल्हापुरी पायताणाचा तळ. मालक गेल्यावर पायताणं दारात तशीच होती. बाकीचे म्हणाले, नदीला सोडा. आक्कांनी एकाचा तळ कापून घेतला, तेल पाजून पाजून मऊ केला आणि कामाला लावला. दुसरं कसलं चामडं त्या वापरू द्यायच्या नाहीत. "ह्येनं कदी रंग खरवडला न्हाय," म्हणायच्या. चामड्याबद्दल म्हणायच्या की मालकांबद्दल, कळायचं नाही.

मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "बांगड्या काढ."

मी हात पदराखाली घेतले. सासूबाई घरी होत्या. मोकळ्या हातानं गेले असते तर त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"ऐकू येत न्हाय व्हय ग? काचंनं रंगावर रेघा उठत्यात. पदराची पिनबी काढ."

पिन काढली. बांगड्यांना हात लावेना. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, काहीतरी कानडीत पुटपुटल्या आणि आत गेल्या. आल्या त्या पुरुषाचे जुने पायमोजे घेऊन. पंजा कात्रीनं कापलेला. माझ्या हातावर कोपरापर्यंत चढवले, बांगड्या आत दाबून बसवल्या.

"आता कशी दिसालीस! माकडागत," म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. पुढं कायम मी ते मोजे घालूनच काम केलं. ते त्यांच्या मालकांचे होते, हे मला फार नंतर कळलं.

बोलायला मात्र त्या तिखट. एकदा वरातीच्या आधी मुलीचा मामा फुलांच्या माळा घेऊन आला आणि गाडीच्या तोंडाला तारेनं बांधायला लागला. आक्का लांबनं ओरडल्या, "ओ पावणं! तार सोडा ती!"

"आमी भाडं दिलंय, बाई."

"बसायचं दिलंय. खरवडायचं न्हाय."

"मग माळा काय हवेत लावू?"

"तुमच्या गळ्यात घाला की. लगीन तुमच्या भाचीचंच हाय, शोभून दिसंल."

सगळं वऱ्हाड हसलं. मामाही हसला शेवटी. आक्कांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणून माळा स्वतः बांधून दिल्या. जाताना मामाच्या हातावर पेढाही ठेवला.

शेडमध्ये त्यांचा एक नियम होता. ज्याच्या हातनं ओरखडा, त्याच्या पगारातनं. सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेला. कुणाची कुरकुर नसायची, कारण ओरखडा पडायचाच नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा असायची. सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची. पान्हे, जॅक, पट्ट्या, आणि सगळ्यात मधे तो पायताणाचा तुकडा. आदल्या संध्याकाळी आक्का त्याला तेलानं चोळून न्हाऊ घालायच्या. बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

"आक्का, पायताणाला कुक्कू?"

"तुझ्या तोंडाला लावण्यापरास बरं. त्येच्यावर माझं प्वाट हाय."

पाटावर आणि पाटाभोवती रांगोळी आक्का स्वतः काढायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पांढरी, जाड, दगडाच्या पुडीची रांगोळी, ठिपके सरळ रेषेत. दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावरच पूजा हलायची. तोवर हत्याराला कुणी शिवायचं नाही. एरवी दसऱ्यानंतर दोन-चार दिवस काम नसायचं. तेवढ्यात आक्का चामडं पुसून, उन्हात ठेवून, परत तेल लावून घ्यायच्या.

एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक गाडीवाले आले. त्यांना पाहुणे घेऊन पन्हाळ्याला जायचं होतं. गाडी बदामी रंगाची, चाकं दुधी, नुकतीच रंगवून आलेली. मागचं चाक बसलेलं. आक्का देवळात गेलेल्या. यजमानांनी पाटावरनं चामडं आणि पट्टी उचलली, कप उतरवला. मी मागच्या बाजूला काच पुसत होते. यजमानांच्या तोंडातनं "आयो" एवढंच आलं.

दुधी रंगावर एक बारीक ओरखडा होता. नखानं काढल्यासारखा, वाकडा.

आक्का आल्या. बघितलं. विचारलं, "चामडं लावलं न्हवतंस?"

"लावलं हुतं आक्का."

"मग ह्ये कशानं?"

"म्हाईत न्हाय. चामडं लावलं हुतं, शपथ."

"चामड्यानं कदी रंग खरवडतोय व्हय रं? शपथ कशाला घेतोस खोटी? घाई केलीस. नुसत्या पट्टीनं काढलास म्हन की."

"न्हाय आक्का."

"खोटारडा हाईस."

गाडीवाले उभे होते. शेडमधली सगळी माणसं उभी होती. शेजारच्या लेथवाल्याकडची दोन माणसं चहाचे पेले घेऊन दारात आली होती. सगळ्यांसमोर.

चारी चाकं परत रंगवावी लागली. ते पैसे यजमानांच्या पगारातनं दर शनिवारी थोडे थोडे कापले गेले. यजमान रोज कामावर जायचे, खाली मान घालून काम करायचे. शेवटचा पैसा फिटला त्या शनिवारी त्यांनी पट्टी आक्कांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आले. परत त्या गल्लीत गेले नाहीत. गारगोटी रोडला एका पंक्चरवाल्याकडं लागले.

मी जातच राहिले. घर चालायला पाहिजे होतं. यजमान एकदाच म्हणाले, "तिच्याकडं कसं जातीस तू?" मी भाकरी थापत राहिले. पैसे गेल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं, त्या एका शब्दाचं लागलं होतं. आपला नवरा खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं. पण चामड्यानं ओरखडा कसा पडेल, हे मलाही सुचत नव्हतं. रात्री त्यांच्याकडं पाठ करून झोपायची माझ्यावर वेळ आली होती, कारण तोंड केलं की ते माझ्या डोळ्यांत बघायचे, आणि मला वाटायचं, हे मला विचारतायत, तुझा तरी विश्वास आहे का.

आक्का माझ्याशी पहिल्यासारख्याच वागायच्या. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा त्यांनी स्वतः डॉक्टरांकडं नेलं. मी त्यांच्या हातचं खाल्लं. घरी येऊन यजमानांना वाढलं. दोन्हीकडं माझी मान खालीच.

अशी काही वर्षं गेली. मग एका दसऱ्याला परत तसंच झालं. दुसऱ्या दिवशी एकांच्या घरी साखरपुडा होता, नवरी मुलगी गाडीतनं यायची होती. सकाळी गाडी धुवायला काढली. चाकाच्या कामाला आक्कांनी परत कुणाला ठेवलंच नव्हतं, त्या स्वतः बसायच्या. गुडघे दुखायचे तरी. त्या दिवशीही बसल्या. तळवा ठेवला. बोट फिरवलं. पाटावरनं चामडं मी आणून दिलं, ते त्यांनी रंगावर ठेवलं, पट्टी पिळली. कप तळव्यात आला. चामडं बाजूला केलं.

त्या "साकु" म्हणाल्या नाहीत.

मी वाकून बघितलं. लाल चाकावर ओरखडा. नखासारखा, वाकडा.

आक्का उठल्या नाहीत. मग त्यांनी चामडं उलटं केलं आणि त्याच्यावरनं अंगठा फिरवला. मग ते गालाला लावलं आणि हळू घासलं. गालावर बारीक लाल रेघ उठली. नखानं त्यांनी चामड्यातनं काहीतरी टोकरलं आणि तळहातावर घेऊन उजेडात धरलं. पांढरा कण. रांगोळीचा. तेल प्यायलेल्या चामड्यात रुतून बसलेला.

"संभाचं कवा झालतं ग?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. मग त्या खाली जमिनीवरच बसल्या. "पानी आन," म्हणाल्या. मी तांब्या आणला. तो त्यांनी हातात धरला, प्यायल्या नाहीत.

त्या दिवशी गाडीवाले यायच्या आधीच आक्कांनी त्यांना फोन केला. "माझ्या हातनं ओरखडा पडलाय, चाकं मी रंगवून देनार," म्हणाल्या. नियम त्यांनी स्वतःला लावला. पण यजमानांचं नाव काढलं नाही.

मी घरी गेले आणि सांगितलं. ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"तिनं सांगितलं, का तू सांगालीस?"

"मी."

"मग काय उपेग न्हाय," म्हणाले, आणि ताट सारून उठले.

पुढचे दिवस वाईट गेले. आक्का चिडचिड करायच्या. बादली पडली तरी ओरडायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तू बोलत न्हाईस तेच बरं हाय. बोलनाऱ्याचं लय हाल हुत्यात." मी रोज वाट बघायची, आज विचारतील, आज म्हणतील. मला तोंड उघडून सांगायचं होतं, आक्का, एकदा या, एकदा त्यांना म्हणा. आणि मी बादली उचलून नळाकडं जायची.

मग एका शनिवारी माझ्या पगारात जास्त पैसे आले.

"आक्का, ह्ये काय?"

"संभाचं. जसं कापलं तसं देनार. दर शनवारी."

मी घरी नेले. यजमानांनी हात लावला नाही. सोमवारी परत घेऊन गेले.

"काय म्हनला?" आक्कांनी विचारलं.

यजमान म्हणाले होते ते सांगणं भाग होतं. "म्हणाले, पैसे नकोत. आक्कांनी मला जे म्हणलं, तेवढं परत घ्यावं."

आक्का गाडीला टेकून उभ्या राहिल्या. "तोंडातनं गेल्यालं परत कसं घ्यायचं ग?" असं म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला म्हणाल्या, "चल." रिक्षा केली. गारगोटी रोडला पंक्चरच्या दुकानापुढं उतरलो. तिथं ट्रकवाले होते, दुधाच्या गाडीची पोरं होती, पानटपरीवर माणसं होती. यजमान टायर पाण्यात बुडवून बघत होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि परत खाली बघायला लागले.

आक्का रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मूळचाच मोठा.

"ऐका रं सगळी! ह्यो संभा माझ्याकडं कामाला हुता. मी ह्येला खोटारडा म्हनलो, धा मान्सांत. ह्येनं चामडं लावलं हुतं. चूक माझी हुती. मीच रांगोळी काडलो, मीच त्येच्यावर चामडं ठेवलो. ह्यो खोटं बोलला न्हवता."

कुणाला काही कळलं नाही. एक ट्रकवाला म्हणाला, "बरं मावशी." टपरीवर कुणीतरी हसलं.

यजमान उठले. हात काळे होते ते पँटला पुसले. कान लाल झाले होते. "बसा आक्का," म्हणाले. "च्या घ्या."

"च्या नगं. पैसे घेशील का न्हाय, ते सांग."

"घेतो."

आक्कांनी मग चहा घेतला. टायरवर बसून, बशीत ओतून. येताना रिक्षात त्यांचा हात माझ्या हातावर होता. अख्खा रस्ताभर.

त्यानंतर दर शनिवारी यजमानांचे पैसे वेगळ्या कागदात बांधून यायचे. काही दिवसांनी त्यांनीच माझ्याकडं निरोप दिला, "साकु म्हनावं आता. ऱ्हाऊ द्या." आक्का भडकल्या. "साकु मी म्हनायचं. त्येनं न्हवं." पुढच्या खंडेनवमीला पाटावर रांगोळी नव्हती. पायताणाचा तुकडा मात्र मधेच होता, विड्याच्या पानावर, कुंकू लावलेला.

पुढं शेडची जागा जागामालकानं विकली. गाड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. काही विकल्या गेल्या, एक हॉटेलच्या दारात शोभेला उभी आहे असं ऐकते. आक्कांचे गुडघे आता खाली बसू देत नव्हते. त्यांचा भाचा निपाणीहून न्यायला आला.

जायच्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत रिक्षा थांबली. आक्कांना उतरता येईना, म्हणून त्यांनी आतनंच हाक मारली, "संभा!" सगळ्या दारांतनं माणसं बाहेर आली. यजमान जेवणावरनं उठून, हात धुऊन गेले. मी मागनं गेले.

आक्का रिक्षात एका बाजूला कलून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. विभूती तशीच. त्यांनी कागदाची पुडी काढली आणि यजमानांच्या हातात दिली.

"ऱ्हायल्यालं समदं हाय. मोज."

"कशाला आक्का..."

"मोज म्हनतो न्हवं."

यजमानांनी रस्त्यात उभं राहून मोजलं. हळूहळू, एक एक नोट बाजूला करत. रिक्षावाला कंटाळून आरशात बघत होता. आक्का यजमानांच्या बोटांकडं बघत होत्या, कप उतरवायला शिकवताना माझ्या बोटांकडं बघायच्या तशा.

"पुरं हायत," यजमान म्हणाले.

"साकु," आक्का म्हणाल्या. आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली, "चल रं."